मिरचीविना बारा डबे

जानेवारीतला गुरुवार. साडेसहाला घरी पोचले तर दारात थर्माकोलची पेटी, निम्मी बर्फात रुतलेली. आत बारा गोठवलेले डबे आणि त्यांच्यावर कागदी पिशवीत कोरडा बर्फ. हा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, उघडा हात लावू नका, असं पेटीवर चारही बाजूंनी लिहिलेलं. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी ते नीट वाचलं आणि चिमट्यानं एक खडा उचलून पाण्याच्या पातेल्यात टाकला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्वर्गाचा सीन असला की जसा धूर सोडतात, तसा धूर ओट्यावरून खाली उतरायला लागला. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून बाहेर कडाक्याची थंडी असताना खिडकी उघडली, आणि कुडकुडत डबे मोजून घेतले. बारा डबे, सात प्रकार. एका डब्याला साधारण पंधरा डॉलर, शिवाय पेटी पाठवण्याचे पंचवीस.

हे डबे एआयपीचे, म्हणजे ऑटोइम्यून प्रोटोकॉलचे. पॅलिओ आहाराचं नाव आता बऱ्याच जणांच्या कानावर असतं: धान्य, डाळी, दूधदुभतं, साखर बंद, मांस, मासे, भाज्या, कंद, फळं चालू. एआयपी हा त्याचा कडक स्वभावाचा थोरला भाऊ. त्यात अंडी, सुकामेवा, सगळ्या बिया, कॉफी, चॉकलेट, दारू हेही जातं, आणि वांग्याच्या कुळातलं सगळं जातं. वांगं गेलं तर जाऊ दे. टोमॅटो, बटाटा, ढोबळी मिरचीही एक वेळ जाऊ दे. पण तिखट मिरची त्याच कुळातली, आणि मी कोल्हापूरची.

तीन वर्षांपूर्वी मला हाशिमोटो निघाला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उठते, तो आजार. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जननं १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आईला अजून ती मोटारीची कंपनी वाटते. गोळी चालू आहे, आकडे बरे आहेत, पण सकाळी बोटं सुजलेली आणि दुपारी तीनला डोळे मिटायला लागायचे. डॉक्टर म्हणाल्या, करून बघायचं तर बघा, गोळी आहे तशीच चालू ठेवायची आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या नजरेखाली करायचं. काही आठवडे काटेकोर वर्ज्य, मग एकेक पदार्थ परत आणून अंगाला मानवतो का बघायचं, असा तो प्रकार आहे. जन्मभर असं खायचं नसतं. हे आधी सांगते, कारण आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी आठ महिने तसंच चालू ठेवलं आणि आता त्या भाताकडे भुतासारखं बघतात.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"मिरची न्हाई?"

"नाही."

"टोमॅटो न्हाई. बटाटा न्हाई. शेंगदाणं?"

"नाही. जिरंपण नाही, आई. बी आहे ना ती."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "म्हंजे उपासच की गं. फकस्त देव कुठला, तेवढं सांग."

आणि खरं सांगायचं तर आहारतज्ज्ञ बाईंनी तासभर समजावलं त्यापेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. पन्नास वर्षं 'उपासाला चालतं का' हा प्रश्न विचारत स्वयंपाक केलेल्या बाईला एआयपीची यादी म्हणजे काय मोठी गोष्ट. तिनं दोन दिवसांत ती पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच चुका काढायला लागली. साबुदाणा चालतो, कंदाचा आहे म्हणून. भगर नाही, ते धान्य. राजगिरा नाही, ती बी. रताळं, सुरण, आळकुड्या खुशाल. खोबरं, कोकम, आलं, लसूण, हळद, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू चालतं. धणे नाहीत, कारण कोथिंबीर पान आणि धणे बी. लवंग चालते, ती कळी. दालचिनी साल. वेलदोडा नाही, मिरी नाही. सगळ्यात गंमत जायफळाची: जायफळ वर्ज्य आणि जायपत्री चालते, एकाच फळातली दोघं. हिंगाला मी आधी होकार दिला होता. आई म्हणाली, डबी बघ. बघितली. बाजारातला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, आणि माझ्या डबीवर ते पीठ गव्हाचं होतं.

मग डबे का मागवले? पहिले दोन आठवडे मी शहाण्यासारखी घरी करत होते. माझं वेगळं, बापलेकांचं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये ऑडिट लागलं. न्यू जर्सीतल्या २८७ हायवेवर अपघात, घरी यायला साडेआठ. फ्रीजसमोर उभी राहून चार खजूर आणि एक थंड उकडलेलं रताळं खाल्लं आणि तिथेच फोनवरून ऑर्डर टाकली. अशा वेळी माणूस अटी वाचत नाही. त्याचं पुढे बघू.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे असे डबे करणाऱ्या इथे चार-पाच जणी तरी आहेत, पदार्थ उन्नीस-बीस. एकीबद्दल वाचलं तरी बाकीच्यांचा अंदाज येईल.

पहिला डबा उघडला तो नारळाच्या दुधातलं चिकन. झाकणावर 'करी' असं लिहिलेलं. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं म्हणतात, माझ्याकडे साडेसात लागली, आणि पाचव्या मिनिटाला कडेला उकळी आणि मधोमध बर्फाचा गोळा अशी अवस्था होती. मध्येच काढून ढवळा, हे कुठेही लिहिलेलं नाही. रंग सुरेख, हळदीचा. पहिला घास घेतला आणि जिभेनं पुढची गोष्ट यायची वाट बघितली. काहीच आलं नाही. नारळ गोड, गाजर गोड, वर गवती चहाचा वास, आणि मीठ इतकं कमी की डब्यावर परत एकदा नाव वाचलं. चिकन मात्र चांगलं होतं, मांडीचं, मऊ, धागे न सुटलेलं. म्हणजे माल चांगला, हात मात्र पाहुण्याचा.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार परत काढला (बारात तीन होते) आणि या वेळी आधी पळी तापवली. खोबरेल. आमच्या कोल्हापुरात खोबरेल डोक्याला. पोटात शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं. पण ती दोन्ही तेलं बियांची, त्यामुळे बाद. मोहरी नाही, जिरं नाही, हिंग नाही. फोडणीत टाकायचं काय आणि तेल तापलं हे कळायचं कसं? दहा-बारा कढीपत्त्याची पानं हातावर चुरून टाकली. पानं ओलसर होती, त्यामुळे अशी काही तडतडली की शेजारच्या खोलीतून नवरा ओरडला, "आज मोहरी सुरू का?" त्यावर दोन ठेचलेल्या पाकळ्या लसूण, किसलेलं आलं, चिमूट मीठ, आणि गॅस बंद करून लिंबू. हे सगळं गरम डब्यावर ओतलं. चार मिनिटांचं काम. त्याला आमटी म्हणणार नाही कुणी, पण मी डबा पुसून खाल्ला.

तेव्हापासून नियमच झाला. डबा मायक्रोवेव्हमध्ये, पळी गॅसवर.

दुसरा लक्षात राहिलेला प्रकार टर्कीच्या खिम्याचा. त्यातला सॉस टोमॅटोचा दिसतो पण टोमॅटोचा नाही. बीट, गाजर आणि लाल भोपळा शिजवून वाटतात, थोडा व्हिनेगर घालतात. एआयपीवाल्यांमध्ये हा सॉस फार लोकप्रिय आहे. दिसायला इतका लालभडक की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तांबड्या रश्श्याचा कट म्हणावा असा. आणि चव? गाजरहलव्यात कुणीतरी खिमा टाकलाय अशी. दोन घास घेऊन मी खुर्चीवर मागे टेकले. मग फ्रीजमधून कोकमाचं आगळ काढलं. आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि मीठ, दुसरं काही नाही, त्यामुळे यादीत बसतं. दीड चमचा घातलं. आंबट आणि खारट दोन्ही एकदम मिळालं आणि बिटाचा गोडपणा मागे सरला. हा सॉस करणाऱ्या बाईंना कुणीतरी मालवणातून एक बाटली पाठवायला हवी.

सगळ्यात चांगला डबा अगदीच अनपेक्षित निघाला. सॅमन आणि वर 'डिल'. डिल म्हणजे आपला शेपू. आमच्या घरी शेपूवरून लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडण झालेलं आहे. मला प्रिय, नवऱ्याला वासही नको. माशाचा तुकडा जाड, खाली फ्लॉवरचा मऊ लगदा, वर खोबरेलात परतलेला शेपू आणि लिंबाची साल. ह्याला फोडणी लागली नाही, काही लागलं नाही. नवऱ्यानं दाराशी उभं राहून "शेपू आहे ना?" एवढंच विचारलं आणि तो गेला. म्हणजे डबा पूर्ण माझा.

बाकीचे पटकन सांगते. टर्कीचे गोळे, आत ओवा नसला तरी चालले, मुलानंही दोन पळवले. सकाळच्या न्याहारीचा रताळं-सफरचंद-डुकराच्या मांसाचा डबा माझ्या डोक्यात शिरलाच नाही, सकाळी सातला गोड खिमा कुणाला हवा असतो. फ्लॉवरचा 'भात' पाणचट. तो ट्रेडर जोजमध्ये गोठवलेला पिशवीत मिळतो आणि कोरड्या तव्यावर मोठ्या आचेला परतला तर याहून कितीतरी बरा होतो. आणि एक चिकनचा 'पाय' (इंग्रजीतला pie, तंगडी नव्हे), त्याचं वरचं आवरण कसाव्याच्या पिठाचं. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद. गरम असताना खुसखुशीत, पण दहा मिनिटं बोलत बसलात तर कालच्या भाकरीसारखं चिवट.

आता तक्रार. मी गोमांस खात नाही. ऑर्डर देताना चिकन, टर्की, मासे आणि तो एक डुकराचा असेच डबे निवडले होते. त्या चिकनच्या पायचा दुसरा डबा खायला घेतला तेव्हा मायक्रोवेव्ह फिरत असताना सहज मागचं लेबल वाचलं, आणि तिसऱ्या ओळीत गायीच्या हाडांचं सूप. ग्रेव्ही त्यात शिजवलेली. म्हणजे पहिला डबा मी आधीच खाऊन बसले होते. वेबसाइटवर पदार्थाच्या नावात चिकन, फोटोत चिकन, आणि घटकांची यादी बघायला खाली तीनदा टिचकी मारावी लागते. पाश्चात्त्य एआयपी स्वयंपाकात हे सूप पाण्यासारखं वापरतात, त्यांच्या दृष्टीनं सांगण्यासारखं त्यात काही नाही, हे मला कळतं. माझी चूक आहेच, गुणवत्ता तपासणीत नोकरी करणाऱ्या बाईनं लेबल न वाचणं म्हणजे काय बोलायचं. पण तरी पोटात कसंतरी झालं, आणि त्या रात्री आईला फोन केला नाही.

कंपनीला लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन्ही डब्यांचे पैसे परत, आणि माफी. दोनच ओळींची होती पण सरळ होती. मी सुचवलं की पदार्थाच्या नावाखालीच सूप कशाचं आहे ते छापा. हिंदू, जैन, मुसलमान, ज्यू, कितीतरी लोकांना ते हवं असतं. अजून छापलेलं नाही. तेव्हा मागवणार असाल तर चिकनच्या आणि टर्कीच्या डब्यांचीसुद्धा पूर्ण यादी वाचा, आणि जिलेटिन, कोलॅजन असे शब्द दिसले तर तेही कशाचं ते विचारा.

या प्रकरणाचा एक फायदा झाला. हाडांचं सूप म्हणून इथे काचेच्या बाटलीत दहा-बारा डॉलरला जे विकतात ते म्हणजे आपलं अळणी, हे डोक्यात लख्ख पडलं. कोल्हापुरात मटण शिजवायचं म्हणजे आधी अळणी होतं. हळद, मीठ, आलं-लसूण, कांदा आणि पाणी. तांबडा आणि पांढरा नंतर त्यातूनच निघतात. लहान पोरांना आणि आजारी माणसाला अळणीची वाटी देतात, तिखट लागायच्या आत. म्हणजे वर्षानुवर्षं आमच्या घरात एआयपीचं सूप व्हायचं आणि आम्ही ते दहा मिनिटांत बिघडवायचो.

तेव्हापासून रविवारी मी हे करते. एडिसनच्या हलाल दुकानातून दोन पौंड बकऱ्याचं मटण, नळ्या जास्त घालायला सांगून. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये ३५ मिनिटं. इथे एक सांगायला हवं: इंटरनेटवरच्या पाककृती '३५ मिनिटांत' म्हणतात ते साफ खोटं. दाब चढायला वीस मिनिटं, वाफ आपोआप उतरायला पंधरा. सव्वा तास धरा. पण त्या सव्वा तासात तुम्ही कपड्यांच्या घड्या करा, मुलाचं गणित घ्या, कुकर तुम्हाला हाक मारत नाही आणि शिट्ट्याही मोजायच्या नसतात. गार झालं की मफिनच्या सिलिकॉन साच्यात ओतून गोठवायचं. एक वडी म्हणजे अर्धी वाटी. आठवड्याला बारा वड्या.

आणि मग पांढरा रस्सा. खऱ्या पांढऱ्यात काजू, तीळ, खसखस, पांढरी मिरी, हिरवी मिरची असतात. ते सगळं काढल्यावर उरतं काय असं तुम्हाला वाटेल. उरतं अळणी, नारळाचं दूध, आलं-लसूण, लवंग, दालचिनी आणि एक जायपत्रीचा तुकडा. नारळाचं दूध डब्यातलं घेऊ नका, बहुतेकांत दाट करायला ग्वार गम असतो. ते नाव विलायती वाटतं, पण तो आपल्या गवारीच्या बियांचा डिंक आहे, आणि शेंगवर्गातल्या बिया बाद. पटेल ब्रदर्समध्ये खवलेला गोठवलेला नारळ मिळतो, त्यात घटक एकच, नारळ. कोमट पाण्यात घालून मिक्सरला फिरवायचा आणि पिळून घ्यायचा. अळणीच्या दोन वड्या वितळल्या की दूध घालून फक्त गरम करायचं. उकळलं तर फुटतं. वड्या तयार असतील तर फ्रीज उघडल्यापासून वाटी हातात येईपर्यंत बारा मिनिटं. डब्याला साडेसात आणि फोडणीला चार, म्हणजे बरोबरीच.

वार बघून आणखी दोन-तीन गोष्टी ठेवते. सुरमईच्या गोठवलेल्या तुकड्यांना हळद-मीठ-आगळ लावून साबुदाण्याच्या पिठात घोळवायचं आणि तव्यावर. रव्याइतकी खरपूस होत नाही, तांदळाच्या पिठाच्या जवळ जाते. सुरणाचे काप तसेच, फक्त कोकम विसरायचं नाही, नाहीतर घसा खाजतो. शनिवारी साबुदाण्याची खिचडी: बटाट्याऐवजी रताळं, दाण्याच्या कुटाऐवजी खोबरं, मिरचीऐवजी भरपूर आलं. आईनं फोटो बघून विचारलं, "ही खिचडी हाय का कोण वारल्यालं हाय?" चवीला बरी लागते. नुसता स्टार्च आहे म्हणून आहारतज्ज्ञ बाई आठवड्यातून एकदाच म्हणतात.

पैशांचं गणित. बारा डबे, पाठवणावळीसकट २०५ डॉलर. परत मिळालेले पैसे धरले नाहीत तर एक डबा सतरा डॉलरच्या वर. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर, उंच माणसाला पुरणार नाही. माझं मटणाचं सगळं धरून एक जेवण पाच-सहा डॉलरला पडतं. म्हणजे रोजचं जेवण म्हणून हे डबे घेणं वेडेपणा आहे. पण साडेआठला घरी येऊन खजूर खाण्याच्या रात्रीला सतरा डॉलर? ते मी देईन, दिलेत, आणि परतही देईन. इथे कुणी आत्या-मावशी शेजारी राहत नाही डबा द्यायला.

गुण आला का, हे सगळे विचारतात. सातव्या आठवड्यात अंगठी परत बोटात गेली, साबण न लावता. दुपारची झोप कमी झाली. रक्ताचे आकडे जवळपास होते तिथेच, गोळीही तेवढीच. २०१९ साली हाशिमोटो असलेल्या १७ बायकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दहा आठवडे एआयपी आणि सोबत मार्गदर्शन. त्यांनाही बरं वाटलं, सूज दाखवणारा सीआरपी उतरला, पण थायरॉइडच्या आकड्यांत आणि अँटिबॉडीजमध्ये नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. शिवाय तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्यामुळे गुण आहाराचा, की साखर सुटल्याचा, की रोज रात्री दहाला झोपल्याचा, हे मी छातीठोक सांगणार नाही. लॅबमध्ये असा पुरावा कुणी आणला तर मी परत पाठवला असता.

आता परतीचा टप्पा सुरू आहे. पहिल्या फेरीत बियांचे मसाले, तूप, अंड्याचा पिवळा बलक असे सौम्य पदार्थ येतात. मी जिरं निवडलं. नारळाच्या चिकनचा शेवटचा डबा त्यासाठीच राखून ठेवला होता. पळीत खोबरेल, आणि मोजून पाव चमचा जिरं. ते फुलून तपकिरी व्हायला लागलं, वास आला, आणि मुलगा अभ्यास सोडून ओट्याशी आला. "घरासारखा वास येतोय," म्हणाला. इतके दिवस कशासारखा येत होता, ते मी विचारलं नाही. पुढचे पाच दिवस वाट बघितली, काही झालं नाही, जिरं पास. टोमॅटो आणि मिरची अगदी शेवटच्या फेरीत. आईनं डंकावरून कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी फ्रीजरच्या तळाला आहे, संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही घातलेली. तिच्यात एआयपीला वर्ज्य नाही असं फक्त कांदा, लसूण, खोबरं आणि मीठ.

मागच्या सोमवारी दुसरी ऑर्डर टाकली. सोमवारीच टाका, गुरुवारी टाकली तर पेटी शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहते. या वेळी सहाच डबे. चार सॅमनचे, दोन टर्कीच्या गोळ्यांचे, दोन्हींची घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. नवऱ्यानं पावती बघितली आणि म्हणाला, "चार शेपूचे? मग त्या चार दिवशी आम्ही बाहेर जेवायला जातो."